क्रँकचं मागचं सील गळायला लागतं तेव्हा

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, तिथल्या हाउसिंगच्या तळाला एक लहानसं भोक असतं. गाडी नवी असेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. मग एके दिवशी त्या भोकाशी काळ्या तेलाचा थेंब लोंबताना दिसतो. कोणीतरी गाडीखाली वाकून बघतं आणि सांगतं, "मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हातात मावणाऱ्या एका कड्यासाठी ट्रक एक-दोन दिवस उभा राहणार, हे ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो. काम मोठं आहे हे खरंच आहे. पण या कामात वाया जाणारी मेहनत बहुतेक वेळा पाना चालवताना जात नाही. सील का गेलं हे न शोधता नुसतं नवं बसवलं की ती जाते.

आधी हे सील असतं कुठे ते बघू. पिस्टनच्या वर-खाली होण्याचं गोल फिरण्यात रूपांतर करणारा जाड दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याचं मागचं टोक इंजिनच्या ब्लॉकमधून बाहेर येतं, कारण त्यावर फ्लायव्हील नावाचं जड चाक बसवायचं असतं, फ्लायव्हीलवर क्लच आणि क्लचच्या मागे गिअरबॉक्स. ब्लॉकच्या आत गरम तेल सगळीकडे उडत असतं आणि भिंतीपलीकडे क्लच असतो, ज्याला तेलाचा स्पर्शही चालत नाही. फिरता दांडा भिंतीतून बाहेर काढायचा आणि तेल मात्र आतच ठेवायचं, हे काम त्या एका कड्याकडे असतं.

ते किती कठीण आहे याचा हिशेब करून बघा. सील जिथे टेकतं तिथे क्रँकचा व्यास १४० मिलिमीटर धरला, तर एका फेऱ्यात पृष्ठभाग सुमारे ४४ सेंटिमीटर सरकतो. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५ फेरे, म्हणजेच सेकंदाला ११ मीटर. ताशी साधारण ४० किलोमीटरच्या वेगाने पोलाद त्या नाजूक ओठाखालून पळत असतं. इंजिन याच गतीने १०,००० तास चाललं तर ओठाखालून जवळपास चार लाख किलोमीटर पोलाद सरकून गेलेलं असतं, आणि चंद्र आपल्यापासून सरासरी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर आहे. हे अंतर सोसूनही बरीच सीलं कोरडी राहतात. मला त्या कड्याबद्दल आदर वाटतो तो यामुळे.

एवढ्या वेगात रबर कोरडं घासलं तर ते जळून जाईल. म्हणून सीलचा ओठ खरं तर तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगतो. हा थर काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ असतो. ओठाची आतली, तेलाकडची बाजू उभी असते आणि बाहेरची, हवेकडची बाजू तिरकी असते. या आकारामुळे दांडा फिरताना ओठाखाली आलेलं तेल परत आत ढकललं जातं. म्हणजे सील तेल अडवतं आणि सतत माघारीही पाठवत असतं. हे लक्षात राहिलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. क्रँकवर मळसूत्रासारखे तिरके चरे पडले तर ते स्क्रूसारखे तेल बाहेर ओढतात. ओठ एका जागी दुमडला तर तिथे माघारी पाठवणारं कोणीच उरत नाही.

जुन्या इंजिनांत सीलच्या जागी ग्राफाइट मुरवलेला दोर दोन तुकड्यांत बसवत. त्यानंतर रबरी ओठाचं सील आलं, ज्याच्या पाठीमागे एक बारीक गोल स्प्रिंग ओठाला दांड्यावर दाबून धरते. आजच्या मोठ्या डिझेल इंजिनांत बहुतेक ठिकाणी टेफ्लॉनचा ओठ सापडतो. तो उष्णता जास्त सोसतो आणि त्याला स्प्रिंग लागत नाही. काही इंजिनांसाठी सील आणि त्याखालची पातळ पोलादी स्लीव्ह अशी जोडीच येते. आपल्या इंजिनात यातलं काय आहे हे सील हातात घेण्याआधी माहीत असायला हवं, कारण रबरी आणि टेफ्लॉन सील बसवण्याच्या रीती एकमेकींच्या उलट आहेत.

खरंच सीलच गळतंय का?

घाई करून सर्वात जास्त चुका इथे होतात. गाडी चालताना समोरून वारा येतो आणि इंजिनवर कुठेही गळलेलं तेल मागे आणि खाली सरकत जातं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, टर्बोचा तेल परत आणणारा पाइप, हवेच्या कॉम्प्रेसरची जोडणी, ऑइल कूलर, यांतलं काहीही ओलं झालं की शेवटी थेंब त्याच हाउसिंगच्या तळाशी जमतो. गिअरबॉक्स उतरवून सील बदलल्यावर आठ दिवसांनी खरी गळती वर टॅपेट कव्हरला सापडावी, यासारखी निराशा नाही.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. इंजिनची मागची बाजू, ब्लॉकचा वरचा भाग आणि हाउसिंगच्या कडा पूर्ण स्वच्छ करून वाळू द्यायच्या, मग गाडी थोडी चालवून वरून खाली बघत यायचं. सर्वात उंचावर जिथे ओल दिसेल तिथून गळतीचा माग सुरू होतो. तेलात घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील प्रकाशाची बॅटरी मिळाली तर काम आणखी सोपं होतं.

वरून सगळं कोरडं असेल आणि तेल भोकातूनच येत असेल, तर गळती हाउसिंगच्या आत आहे. तरीही सीलवर शिक्का मारायची वेळ आलेली नसते. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सीलही याच पोकळीत गळतं. डिझेल इंजिनचं वापरलेलं तेल काजळीमुळे काळंभोर असतं, गिअरबॉक्सचं तेल सहसा मधाच्या रंगाचं. बऱ्याच गिअर तेलांना गंधकाचा उग्र वास येतो, पण काही मोठ्या गिअरबॉक्समध्ये गंधक नसलेलं तेल भरतात, त्यामुळे नुसत्या नाकावर विसंबू नये. दोन्हीकडची पातळी काही दिवस तपासली की कोणतं तेल कमी होतंय ते कळतं.

अजून एक खूण मला फार उपयोगी वाटते. इंजिन बंद असताना चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातल्या, तेलाची पातळी मागच्या सीलच्या खाली असते. म्हणून सील खराब असेल तर गळती मुख्यतः इंजिन चालू असताना होते, आणि बंद केल्यावर हाउसिंगमध्ये साचलेलं काय ते थोडा वेळ ठिबकतं. रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळपर्यंत थेंब पडतच राहिले, तर चेंबरच्या मागच्या पॅकिंगकडे आधी बघा.

आता ती ओल आहे की गळती, हेही ठरवायला हवं. भोकाशी नुसती ओलसर धूळ चिकटलेली असेल, तेलाची पातळी हलत नसेल आणि क्लच सरकत नसेल, तर लक्ष ठेवून पुढच्या मोठ्या कामापर्यंत थांबता येतं. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरेलच, तेव्हा सीलही बदलावं. पण दर दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल तर तासाला ३६० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दहा तासांच्या प्रवासात १८० मिलिलिटर तेल गेलं. तीस-चाळीस लिटर तेल मावणाऱ्या इंजिनला हे फार नाही. मात्र फिरतं फ्लायव्हील ते तेल क्लचवर उडवतं आणि उरलेलं रस्त्यावर पडतं. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी वळणावरचा तेलाचा पट्टा काय करू शकतो, हे वेगळं सांगायला नको. गळती थांबवतो म्हणून विकली जाणारी, तेलात ओतायची औषधं रबर थोडं फुगवतात, टेफ्लॉनवर त्यांचा परिणाम होत नाही. मी त्यांच्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन.

सीलला बळी कोणी दिलं?

वयाने सील जातंच. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, ओठ झिजतो. पण नव्या सीलनेही काही महिन्यांत गळायला सुरुवात केली, किंवा जुनं अपेक्षेपेक्षा फार लवकर गेलं, तर दोष त्या कड्यात क्वचितच असतो.

सर्वात आधी इंजिनच्या आतला दाब बघावा. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर पडायला ब्रीदर दिलेला असतो. ब्रीदर चोंदला किंवा त्याचं फिल्टर वेळेवर बदललं नाही, तर तो दाब जागा शोधतो आणि सगळ्यात मऊ जागा म्हणजे सीलचा ओठ. रिंगा झिजल्या की वायूच जास्त येतो, ज्याला मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात. इंजिन चालू असताना तेल भरायच्या झाकणातून धुराचे झोत येणं, डिपस्टिक आपोआप वर सरकणं या त्याच्या खुणा. नेमकं मोजायचं असेल तर ब्रीदरच्या वाटेवर पाण्याच्या स्तंभाचा दाबमापक लावून कंपनीने दिलेल्या मर्यादेशी तुलना करतात. टर्बोचं आतलं सील गेलेलं असेल किंवा हवेचा कॉम्प्रेसर झिजलेला असेल तरी त्यांची हवा तेलाच्या पाइपातून चेंबरमध्ये येऊन हाच दाब वाढवते. रिंगांवर ठपका ठेवून इंजिन उघडण्याआधी ही दोन ठिकाणं तपासून बघावीत. ही सगळी तपासणी गिअरबॉक्स उतरवण्याच्या आधी करायची असते, कारण त्यासाठी इंजिन चालू लागतं.

दुसरं कारण क्रँकचा प्ले, म्हणजे त्याची ढिलाई. क्रँकला धरणारी मेन बेअरिंगं झिजली की क्रँकचं टोक फिरताना थोडं इकडेतिकडे हलतं आणि ओठ एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. कोणतंही सील अशा दांड्यावर टिकणार नाही. तिसरं, सील ज्या कव्हरमध्ये बसतं ते कव्हर क्रँकच्या मध्याशी जुळलेलं नसणं. चौथं, खुद्द क्रँकवर पडलेली खाच. हजारो तास एकाच रेषेवर ओठ आणि त्याखाली अडकलेली काजळी घासत राहिली की पोलादातही चर पडतो. चेंबरमध्ये खुणेच्या वर तेल भरण्याची सवय असेल तर तीही सोडावी. क्रँक ते तेल घुसळतो आणि फेस होतो.

गाडी उघडताना

पाने कोणत्या क्रमाने लावायचे ते त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतं, ते इथे उतरवून काढत नाही. पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण इथे माणसं जखमी होतात. मोठ्या ट्रकचा गिअरबॉक्स अडीचशे-तीनशे किलो सहज भरतो. फ्लायव्हील आणि क्लचही एकट्याने पेलायच्या वस्तू नाहीत. जमीन सपाट हवी, चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत, बॅटरीची केबल काढलेली हवी आणि हवेचा दाब काढायचा असेल तर तो पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. गिअरबॉक्सखाली त्याच्यासाठीच बनवलेला, साखळी बांधता येणारा जॅक हवा. बऱ्याच ट्रकांत इंजिनचे मागचे माउंटिंग फ्लायव्हील हाउसिंगवरच असतात. तुमच्या इंजिनात सील बदलायला तेही हाउसिंग काढावं लागत असेल, तर आधी इंजिनला स्वतंत्र आधार दिल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका.

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट उतरवताना दोन्ही बाजूंना खुणा करा. तो एक घर सरकून बसला तर नंतर गाडी थरथरते आणि मग तो दोष भलतीकडेच शोधला जातो. गिअरबॉक्स मागे घेताना आणि परत बसवताना त्याचा भार पुढच्या शाफ्टवर लोंबकळू देऊ नये, क्लच प्लेट वाकते. हाउसिंगच्या दोन भोकांत लांब, डोकं नसलेले मार्गदर्शक बोल्ट लावले की गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ सरकतो.

क्लच आणि फ्लायव्हील निघालं की सील समोर दिसतं. इथे हात लगेच पेचकसाकडे जातो, तो थांबवा. बॅटरी घ्या आणि तेल कुठून येतंय ते बघा. तेलाची रेघ सीलच्या ओठाखालून सुरू होते, की कडेवरून, की वरच्या ऑइल गॅलरीच्या (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेच्या) डाटावरून, की कॅमशाफ्टच्या टोपणावरून? फ्लायव्हीलच्या बोल्टची भोकं काही इंजिनांत आतपर्यंत आरपार असतात आणि त्यांच्या आट्यांतून आलेलं तेल हुबेहूब सीलच्या गळतीसारखं दिसतं. अशा बोल्टना आट्यांवर सीलंट लावायचं असतं. एवढं सगळं उघडल्यावर ही दोन मिनिटं द्यायलाच हवीत.

मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं मापक) लावून क्रँकचा पुढे-मागे आणि वर-खाली प्ले मोजा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर मालकाला आत्ताच सांगा, सील बसवून झाल्यावर नाही.

जुनं सील काढायचं म्हणजे त्याच्या धातूच्या पत्र्यात लहान भोकं पाडून स्क्रू बसवायचे आणि ओढून घ्यायचं, किंवा कव्हरसकट काढायचं. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावलं तर किस आत पडत नाही. भोक पाडताना ड्रिल क्रँकला लागलं तर मात्र एका सेकंदात हजारोंचं काम लाखांवर जातं, म्हणून टोकाची खोली आधीच बांधून घ्यावी.

सील निघाल्यावर क्रँकवरून नखाचं टोक आडवं फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवं सील तसंच बसवण्यात अर्थ नाही. काही इंजिनांत सील थोडं आत किंवा बाहेर बसवायची मुभा असते, म्हणजे ओठाला ताजी जागा मिळते. नाहीतर क्रँकवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवतात. बाजारात मिळणाऱ्या अशा स्लीव्हची भिंत पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे नेहमीचंच सील तिच्यावर चालतं. कंपनीने स्लीव्हसकट जाडसर सील दिलं असेल तर ते वापरावं. पोलिश पेपर लावायचाच असेल तर अगदी बारीक, आणि सरळ गोलाईत. तिरका हात फिरला की तुम्हीच ते मळसूत्र कोरलंत असं समजा.

बसवण्याची वेळ

रबरी ओठाला बसवण्याआधी स्वच्छ तेल लावतात, म्हणजे पहिल्या फेऱ्यात तो कोरडा घासत नाही. टेफ्लॉनच्या ओठाला तेल लावायचं नसतं. टेफ्लॉनचा एक सूक्ष्म थर सुरुवातीला क्रँकवर उतरतो आणि त्यावरच पुढे ओठ चालतो. मध्ये तेल आलं की तो थर नीट बसत नाही. म्हणून क्रँक सॉल्व्हंटने पुसून, वाळवून, बोटही न लावता सील कोरडंच चढवायचं. वर्षानुवर्षं रबरी सीलं बसवलेला अनुभवी माणूस इथे चुकतो, कारण तेल लावणं त्याच्या हाताच्या सवयीत आहे. टेफ्लॉनचं सील प्लॅस्टिकच्या कड्यावर ताणून ठेवलेलं येतं. ते कडं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नये, ओठ आक्रसतो. बरीच इंजिनं अशी आहेत की सील बसवल्यावर ती काही तास सुरू करू नयेत, अशी सूचना असते. ती पाळा.

सील हातोडीने ठोकत बसवू नका. क्रँकच्या टोकाला बोल्टने धरणारं आणि सील सगळीकडून सारखं आत ढकलणारं हत्यार असतं, ते मागवा, भाड्याने आणा, पण वापरा. सील किंचित तिरकं बसलं तर दर फेऱ्याला ओठ डोलतो आणि काही आठवड्यांत तुम्ही परत त्याच गाडीखाली असता. बसल्यावर खोली चार ठिकाणी मोजा. वेगळं कव्हर असेल तर ते क्रँकशी मध्यावर आणूनच बोल्ट आवळा. कव्हर आणि चेंबर जिथे भेटतात त्या दोन कोपऱ्यांवर सीलंटचा नेमका थेंब हवा. जास्तीचं सीलंट आत गळून तेल खेचणाऱ्या जाळीवर जाऊन बसतं.

मग उलटा प्रवास. तेलाने भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन परत लावण्याचा मोह होतो. तेल त्या अस्तरात मुरलेलं असतं आणि गरम झालं की पुन्हा वर येतं, म्हणून ती बदलावी. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं पायलट बेअरिंग आणि क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग याच वेळी बदलणं शहाणपणाचं. फ्लायव्हीलवर उष्णतेच्या बारीक भेगा दिसतात का ते बघा, त्याच्या रिंग गिअरचे दात तपासा आणि बसवल्यावर त्याच्या तोंडाचं डोलणं डायल गेजने मोजा. मोठ्या क्लचसाठी ते साधारण ०.२० मिलिमीटरच्या आत असावं लागतं, तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तकात बघावा. फ्लायव्हीलचे बोल्ट काही इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, कारण आवळताना ते मुद्दाम थोडे ताणले जातात. ते नवेच घ्या, समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने आवळा.

इंजिन सुरू करण्याआधी तेलाची पातळी बघा आणि ब्रीदर साफ झाला आहे याची पुन्हा एकदा खात्री करा. इंजिन गरम होऊ द्या, गाडी भारासकट थोडी चालवून आणा. पहिल्या दिवशी भोकाशी एखादा थेंब दिसला तर घाबरू नका, हाउसिंगच्या कोपऱ्यात अडकलेलं जुनं तेल असू शकतं. ते पुसून घ्या, भोकाच्या भोवती स्वच्छ कोरडं फडकं फिरवा आणि आठवडाभराने पुन्हा खाली वाकून बघा. तेव्हा तिथे जे दिसेल ते नवं असेल.